बत्तीस रुपयांचे पूर्वज

सातारा जिल्ह्यातील कोणत्याही प्रतिष्ठित गृहस्थाशी पाऊण तास संभाषण केले असता त्याचा निदान एक पूर्वज पानिपतावर पडला होता असे निष्पन्न होते. सांगलीच्या गृहस्थाशी तितकाच वेळ बोलल्यास त्याचा पूर्वज पानिपतावर पडला नव्हता, परंतु पडलेल्यांच्या पगाराची बाकी काढण्याचे काम पटवर्धनांच्या दफ्तरात त्यानेच केले होते, असे समजते. दोन्ही विधानांचा आधार एकच, आणि तो म्हणजे सांगणाऱ्याच्या मुद्रेवरील गांभीर्य. साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या गावभागातून मी आजवर जे पूर्वज ऐकले, त्या सर्वांना १७६१ च्या जानेवारीत खरोखरच रणांगणावर उभे करता आले असते, तर अब्दालीला काबूल येईपर्यंत मागे वळून पाहण्याचीही सवड मिळाली नसती.

आपल्या लोकांना पूर्वजांविषयी प्रेम नाही असे मुळीच नाही. मात्र ते प्रेम जागृत होण्यास काही तरी दिवाणी स्वरूपाचे निमित्त लागते. एरवी पणजोबांचे नाव विचारले असता 'थांबा, आबांना विचारून सांगतो' असे म्हणणारा मनुष्य, विहिरीवरील दोन आण्यांच्या हिश्श्याचा कज्जा उभा राहताच सात पिढ्यांची वंशावळ शाखा-उपशाखांसह मुखोद्गत म्हणून दाखवितो, आणि त्या वंशावळीत चुलत घराण्याची फांदी नेमकी निपुत्रिक निघते. छापील कुलवृत्तान्ताची गोष्ट याहून निराळी. त्यात जन्मास आलेले सर्व पुरुष सत्शील, परोपकारी व मितभाषी असतात. कर्ज काढणारे, रागाने घर सोडून जाणारे आणि तमाशाच्या फडामागे हिंडणारे पुरुष हे दुसऱ्या कोणाच्या तरी कुलवृत्तान्तात असावेत असे आपण समजतो, पण तिकडे चौकशी केली असता तेथेही ते सापडत नाहीत. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या त्या मानाने प्रामाणिक, परंतु त्यांत घराण्यातील जो इसम यात्रेस गेला तोच येतो; जो दमेकरी असल्यामुळे घरी राहिला तो वंशातूनच राहिला. अगदी अलीकडे, २०२३ सालापासून, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तर गाव नमुना चौदा आणि कोतवाल बुके तालुक्यातालुक्यांच्या कचेऱ्यांतून उजेडात आली, आणि ज्या मोडी लिपीला शाळेतून निरोप देऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या, ती वाचणाऱ्या वृद्धांच्या दारात अकस्मात मोटारी उभ्या राहू लागल्या.

या सर्व कागदांचा समान दोष असा की, ते कोणाच्या तरी लाभासाठी बोलतात. मतदार यादीचे तसे नाही. ती प्राथमिक शिक्षकाने अगर तलाठ्याने, दुपारच्या उन्हात, भाकरीची वेळ टळत असता, परक्याच्या ओसरीवर उभे राहून लिहिलेली असते. लिहिणाऱ्याला तिच्यात गोडी नसते आणि सांगणाऱ्याला तिच्यापासून काही मिळावयाचे नसते. सबब ती चुकते तेव्हा कंटाळ्याने चुकते, स्वार्थाने नव्हे. आणि कंटाळ्याने केलेली चूक ही संशोधकाला फार उपकारक असते, कारण तिला काही दिशा नसते. स्वार्थाने लिहिणारा दहा ठिकाणी एकाच बाजूला झुकतो. कंटाळलेला मनुष्य आज या बाजूला चुकतो, उद्या त्या बाजूला, आणि परवा चुकून बरोबरही लिहितो.

विलायतेतील लोकांना ही गोष्ट फार पूर्वी कळली. तिकडे १८३२ च्या सुधारणा कायद्यापासून मतदारांच्या नोंदवह्या सिद्ध होत आल्या, आणि आपला खापरपणजोबा अमुक गल्लीतील अमुक क्रमांकाच्या घरात राहत होता एवढे समजले तरी तिकडील निवृत्त गृहस्थ तृप्त होऊन चहा मागवितो. आपल्या गृहस्थाची तृप्ती इतकी स्वस्त नाही. त्याला घर क्रमांकाबरोबर हत्ती हवा असतो.

हत्तीची पहिली निराशा १९१९ च्या कायद्याखालील याद्यांत होते. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी मत देण्याचा अधिकार ग्रामीण भागात सर्वसाधारणपणे ज्याच्या जमिनीचा सारा ३२ रुपयांहून कमी नव्हता त्यालाच होता. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला, तेथील जमिनीची दया येऊन, हीच मर्यादा १६ रुपयांवर आणली होती. पुढे १९३५ च्या कायद्याने ती सरसकट ८ रुपयांपर्यंत खाली आली. आता कल्पना करा की, 'आमची चाळीस गावांची देशमुखी' हे वाक्य ज्या घरात पाळण्यातील मुलालाही ऐकविले जाते, त्या घरातील एखादा चिकित्सक तरुण १९२० च्या सुमाराची यादी वरपासून खालपर्यंत वाचतो, त्यात शेजारच्या वाडीतील गुऱ्हाळवाला सापडतो, गावचा सावकार सापडतो, आणि चाळीस गावांचा स्वामी मात्र सापडत नाही. मी पाहिलेल्या अशा एका घरात या शोधानंतर तीन मते निर्माण झाली. आण्णांचे म्हणणे असे की, इंग्रजांच्या यादीत नाव घालणे पणजोबांनी स्वाभिमानाने नाकारले. तात्यांचे म्हणणे असे की, यादी करणारा कारकून भाऊबंदांना सामील होता. आणि आजी, जी माजघरातून हे सर्व ऐकत होती, तिचे म्हणणे असे की, 'बत्तीस रुपये सारा भरायला जमीन लागते, आणि ती तुमच्या पणजोबांनी शर्यतीच्या बैलांपायी घालवली.' तिसरे मत बहुमताने फेटाळण्यात आले.

या याद्यांत एक गमतीचा न्याय मात्र घडलेला दिसतो. सैन्यातून निवृत्त झालेल्या, पेन्शन घेतलेल्या अगर कमी केलेल्या शिपायाला साऱ्याची अट नव्हती. सातारा हा शिपायांचा जिल्हा. ज्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जडला, त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यामुळे असे होई की, ज्याच्या घरी पाच पायली जोंधळाही पिकत नसे, परंतु ज्याने परमुलखात खंदक खणले होते, तो मतदार म्हणून यादीत विराजमान होई, आणि ज्याच्या वाड्यासमोरून जाताना त्याला वहाणा हातात घ्याव्या लागत, तो वाडेवाला थकबाकीत निघून गेलेल्या जमिनीसह यादीबाहेर राही. १९३५ च्या कायद्याने तर शिपायाच्या पेन्शनदार विधवेला आणि पेन्शनदार आईलाही मत दिले. जिल्ह्यातील पुष्कळ घराण्यांत स्त्रीचे नाव सरकारी यादीत प्रथम चढले असेल तर ते या वाटेने, म्हणजे घरातला तरुण गमावून.

सांगलीकराला या परीक्षेस बसावेच लागत नाही. सांगली, मिरज, जत ही संस्थाने असल्याकारणाने मुंबईच्या कायदेमंडळाशी तेथील प्रजेचा संबंध नव्हता. तेव्हा पूर्वज यादीत नसण्याचे निमित्त त्याला आयतेच मिळते, आणि 'आम्ही संस्थानातले' एवढे तीन अक्षरांत नसले तरी दोन शब्दांत सांगून तो हळदीच्या भावाकडे वळतो. औंधकरांची ऐट त्याहून वरची. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली राज्यघटना देऊन आपली सत्ता गावोगावच्या निवडलेल्या पंचायतींच्या हाती सोपविली, तेव्हा आटपाडी आणि कुंडल येथील माणूस आजही असे सांगू शकतो की, भारतात लोकशाही येण्यापूर्वी ती आमच्याकडे येऊन विसावा घेत होती. यात तथ्य आहे, म्हणून ते अधिकच असह्य होते.

यादी हाती आली तरी ती कोठली, हा प्रश्न सुटत नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. देवराष्ट्रे गावातील एखादे घर घ्या. यशवंतराव चव्हाणांचा तेथे १९१३ साली जन्म झाला तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते, मग ते दक्षिण साताऱ्यात गेले, मग सांगलीत, तालुका खानापूर होता तो पुढे कडेगाव झाला. या काळात त्या घराने आपला उंबरा वीतभरही हलविला नाही. तरीही पुण्यातील एखादा नातू निरनिराळ्या मथळ्यांच्या या याद्या समोर मांडून, आपले घराणे फिरस्ते असावे, बहुधा दुष्काळामुळे दक्षिणेकडे सरकले असावे, असा सिद्धान्त बसविण्याचा संभव आहे. आणि असा सिद्धान्त एकदा टंकलिखित झाला की, त्याला खोडून काढण्यास सबंध जिल्हाधिकारी कार्यालय पुरे पडत नाही.

प्रौढ मताधिकाराने सर्वांना यादीत आणले, आणि घराण्यांच्या इतिहासातील खरी मौज येथूनच सुरू होते. १ मार्च १९५० रोजी ज्याला २१ वर्षे पूर्ण झाली होती तो प्रत्येक इसम, सारा भरो वा न भरो, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीस पात्र ठरला, आणि देशभरात १७ कोटींहून अधिक नावे लिहिली गेली. सुमारे ८ कोटी स्त्रियांपैकी २८ लाख स्त्रियांनी आपले नाव सांगण्याचेच नाकारले. 'अमक्याची आई' अगर 'तमक्याची बायको' यापलीकडे त्या जाईनात, आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे यादीत ठेवण्यास नकार दिल्यामुळे ती गळाली. हा प्रकार मुख्यत्वे उत्तरेकडचा. आपल्याकडील स्त्री स्वतःचे नाव खणखणीत सांगे. तिची अडचण पुढच्या रकान्यात येई, कारण तेथे नवऱ्याचे नाव हवे असे. लग्नात, डोहाळजेवणात आणि हळदीकुंकवात यमक जुळवून ज्या नावाचा उच्चार करावयाचा, ते नाव तलाठ्यासमोर गद्यात कसे घ्यावे, हा पेच सामान्य नव्हता. तलाठ्याने उखाण्याचा आग्रह धरला असता तर एका गावाच्या यादीला आषाढी उलटली असती. तेव्हा बाई दाराआड होई, शेजारचे पोर रस्त्यातून नाव ओरडे, सासू ते दुरुस्त करी, दीर सासूला दुरुस्त करी, आणि या गलबल्यातून तलाठ्याच्या कागदावर जे उतरे त्यात कधी सासऱ्याचे नाव नवऱ्याच्या जागी बसलेले असे, तर कधी नवऱ्याचे नाव पित्याच्या जागी. पुढे याद्या संगणकावर चढल्या तेव्हा या दोन रकान्यांची अदलाबदल अधिक वेगाने होऊ लागली, एवढाच फरक. बारीक अक्षराची ती यादी भिंगातून पाहणाऱ्या नातवाला आपली आजी आपल्या आजोबांची कन्या असल्याचे दिसते, आणि तो काही काळ चष्मा पुसत बसतो.

परंतु याद्यांतून जे कदापि सापडत नाही ते आजीचे माहेर. मताचे वय २१. १९८९ साली ते १८ वर आले. आपल्या आज्यांची लग्ने चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकत, त्यामुळे बाई मतदार होण्याच्या वयाला येई तोवर तिचे गाव, आडनाव आणि बहुधा पहिले नावही बदललेले असे. माहेरी जी चंद्रा ती सासरी लक्ष्मी. परिणाम असा की, जुन्या यादीतील भरल्या घरात आई असते, सुना असतात, चुलत्या असतात. लेक मात्र एकही नसते, आणि असलीच तर ती विधवा होऊन परतलेली अगर नवऱ्याने टाकलेली असते. घरातील मुलीचे नाव यादीत दिसणे हे त्या काळी घरावरील आपत्तीचे चिन्ह होते. कुलवृत्तान्तवाल्यांनी या मुलींना 'कन्या दोन' अशा शब्दांत गुंडाळले होते. यादीने तेवढेही केले नाही, परंतु निदान परत आलेलीचे नाव पुरे लिहिले, आणि ते वाचून घरातील कोणी थोरले माणूस 'ही कोण?' या प्रश्नाला उत्तर न देता पान उलटते, तेव्हा घराण्याचा जो इतिहास समजतो तो कोणत्याही बखरीत नसतो.

नावांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या याद्यांतील पुरुषांची दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा ही नावे पाहून शहरी नातवंडे हसतात. ही नावे आधीची मुले दगावलेल्या घरातील. दैवाची दृष्ट लागू नये म्हणून लाडक्या पोराला मुद्दाम कचऱ्याच्या मोलाचे ठरविलेले. त्याच पानावर खाली 'नकुसा' असे स्त्रीचे नाव येते, आणि तेथे मात्र देवाला फसविण्याचा काही इरादा नसून शब्दाचा जो अर्थ आहे तोच अभिप्रेत असतो. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारी समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. त्यांच्या आज्या-पणज्यांचे बारसे कोणी बदलले नाही. त्या याद्यांत तशाच आहेत, आणि मत देऊन आल्या आहेत.

वयाच्या रकान्याविषयी गंभीर राहणे कठीण आहे. जन्मतारीख हा प्रकार शाळेने आणला. त्यापूर्वी माणसे मानमोडीच्या साली जन्मत, आणि आमच्या कोयनाकाठी पुढे भूकंपाच्या साली जन्मू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ज्यांचा जन्म झाला असे सांगण्यात येते ती सर्व बालके त्या एका पहाटे जन्मणे प्रसूतिशास्त्राला धरून नाही. यादी लिहिणारा तोंडाकडे पाहून वय ठरवी, आणि तोंडाकडे पाहून ठरविलेले वय हे नेहमी पाचाच्या पाढ्यातले असते. त्यामुळे १९५२ साली पस्तिशीची असलेली बाई १९५७ सालीही पस्तीस वर्षांची आणि १९६२ साली एकदम पन्नास वर्षांची होते. मधल्या काळात थोरल्या लेकाचे लग्न होऊन ती सासू झालेली असते, एवढेच त्यावरून समजावे. पुरुषांचा ओढा याच्या उलट. वय वाढले की बैठकीत पुढे बसावयास मिळते, म्हणून ते निवडणुकीगणिक उदारपणे वाढत.

मृत्यूच्या बाबतीत यादी फारच दयाळू आहे. मेलेल्या माणसाचे नाव कमी करण्यास कोणी तरी अर्ज करावा लागतो, आणि बाराव्याच्या गडबडीत हे काम करावे असे कोणास सुचत नाही. सबब पुष्कळ आजोबांनी इहलोक सोडल्यानंतरही दोन-तीन निवडणुका पाहिल्या आहेत, आणि त्यांतील काहींनी मतदान केल्याची वदंता आहे. मुंबईच्या गिरणीत अगर गोदीत गेलेला माणूस याहून पुढचा. कायद्याने एकाच मतदारसंघात नाव असावयास हवे. हा परळच्या चाळीतही असे आणि जावळीच्या घरातही असे, आणि दोन्हीकडे तो खराच असे, कारण बायको, बैल व कुलदैवत इकडे, आणि पोट तिकडे. नातवाने अशी दुबार नोंद पाहून नाक मुरडू नये. तिच्याइतका त्या माणसाचा खरा पत्ता दुसरा कोणी लिहून ठेवलेला नाही. कोयनेच्या शिवसागरात ज्यांची गावे बुडाली त्यांची गोष्ट तर अशी की, एका यादीत सबंध गाव घर क्रमांकाने ओळीत उभे आहे, शेजारी शेजाऱ्याला लागून आहे, आणि पुढे त्या गावाचे पानच नाही. तीच माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी चार दिशांच्या याद्यांत, अनोळखी शेजाऱ्यांमध्ये, तुरळक सापडतात. बुडालेल्या गावात कोणाचे घर कोणाच्या घराशेजारी होते हे आता सांगणारा कागद बहुधा तोच एक.

यादीची एक प्रत कायम जपून ठेवावी असे नियम म्हणतो, आणि नियमाचे हे म्हणणे वाळवीलाही मान्य आहे. लाल रुमालात बांधलेले दप्तर, त्याच्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी वर्षाची चिठ्ठी, 'उद्या या' म्हणणारे सौजन्य, आणि नक्कल मागण्याचे कारण काय लिहावे याविषयी अर्जदार व कारकून यांच्यात होणारी तात्त्विक चर्चा, यांचे वर्णन पूर्वी पुष्कळांनी केले आहे. 'पूर्वजांचा शोध' असे कारण लिहिले की, कारकून आपादमस्तक पाहतो आणि 'जमिनीचं काही आहे का?' असे हळूच विचारतो. जमिनीचे काही नाही असे सांगितल्यावर त्याचा संशय बळावतो.

आता मात्र या निरुपद्रवी कागदाचे दिवस पालटले आहेत. २०२५ साली बिहारात याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी निघाली आणि ज्याचे अगर ज्याच्या आईबापांचे नाव २००३ च्या यादीत असेल त्याचे काम सोपे झाले; पुढे आणखी बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत हेच सुरू झाले, आणि जुनी यादी शोधणे हा निवृत्तांचा छंद न राहता कर्त्या माणसांची धावपळ झाली. आपल्याकडेही शहाणे लोक २००२ च्या यादीतील आपले पान हुडकून, त्याची छायाप्रत काढून, विम्याच्या पॉलिसीशेजारी ठेवू लागले आहेत. ज्या क्षणी यादीला मोल आले त्या क्षणी तिचा तो जुना, निःस्वार्थ कंटाळा संपला असे धरून चालावे. यापुढे ती बिनचूक होईल, आणि मग तिच्यावर विश्वास ठेवताना विचार करावा लागेल.

खानापूर तालुक्यातील एका आबांच्या घरी हा पालट मी प्रत्यक्ष पाहिला. आबांच्या वडिलांचे नाव ज्ञानू. कोणा जुन्या यादीत कारकुनाने ते 'गणू' लिहिले, यादीवरून ते रेशनकार्डावर गेले, तेथून मुलांच्या शाळेत, शाळेतून नातवाच्या पासपोर्टावर. नातू इंजिनिअर, त्याला शुद्धतेची आवड. फॉर्म आठ भरून पणजोबांचे खरे नाव लावून घेऊ, असे त्याने रात्री जेवताना सुचविले. आबांनी ताकाची वाटी खाली ठेवली.

"येक नाव बरूबर केलंस तर बाकीचं समदं चुकंल, त्याचं काय करशील?" ते म्हणाले. मग माजघराकडे मान वळवून त्यांनी थोरल्या सुनेला हाक दिली, आणि यंदाच्या म्हाळाला भटजींस्नी वडिलांचं नाव सांगताना गणूच सांगायचं, अशी सक्त ताकीद दिली.